एका वेळी एकच स्क्रू

नोव्हेंबरातली सकाळ. ऑक्सफर्डजवळच्या एका गावात रात्रभर धुक्यात भिजलेली १९६७ ची मॉरिस मायनर दारात उभी होती. माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, आत बसून सेल्फ मारत होता. इंजिन फिरत होतं, पण सुरू होत नव्हतं. मी बॉनेट उघडून पान्हा उचलला.

"ठेव तो खाली," दादा म्हणाला. "मागच्या वेळचं आठवतंय ना?"

आठवत होतं. वर्षापूर्वी हीच गाडी मिसिंग मारत होती. मी मोठ्या उत्साहाने प्लग बदलले, पॉइंटची फट बदलली आणि जाता जाता कार्ब्युरेटरही थोडा फिरवला. गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालू लागली. तिन्हींपैकी कशाने बिघडली, हे शोधण्यात दादाचा अख्खा रविवार गेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा मी एका जुन्या गाडीकडून शिकलो.

मायनर तशी आपल्यालाही परकी नाही. अलेक इसिगोनिस यांनी घडवलेली ही गाडी १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली आणि १९७१ पर्यंत अशा १६ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ही पहिली ब्रिटिश मोटार. भारतात ती काही काळ 'बेबी हिंदुस्तान' म्हणून विकली गेली, आणि तिच्याच घराण्यातल्या थोरल्या मॉरिस ऑक्सफर्डची आपल्याकडे अ‍ॅम्बॅसिडर झाली. या गाड्यांत संगणक नाही, सेन्सर नाहीत. बिघाडाचा कोड कुठल्या पडद्यावर उमटत नाही. तो कानांनी, डोळ्यांनी आणि नाकाने वाचावा लागतो.

टकटक थांबली का?

पेट्रोल इंजिनाला योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी लागते. काल संध्याकाळपर्यंत गाडी छान चालत होती, म्हणजे दाब एका रात्रीत जाणार नाही. उरलं पेट्रोल आणि ठिणगी.

दादाने सेल्फ न मारता नुसती किल्ली फिरवली. टक, टक, टक... आणि शांतता. हा विजेवर चालणारा एस. यू. पंप. कार्ब्युरेटरची वाटी भरली की तो आपोआप थांबतो. टकटक थांबलीच नाही, तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळती आहे. आवाजच आला नाही, तर पंपाचे पॉइंट चिकटले असतील किंवा त्याच्यापर्यंत वीज पोचत नसेल. इथे टकटक झाली आणि थांबली. पेट्रोल सुटलं, संशय ठिणगीवर आला.

डेल्कोच्या आत

ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आपले मेकॅनिक 'डेल्को' म्हणतात. हे नाव एका अमेरिकन कंपनीचं. ती चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ मध्ये सुरू केली, आणि बॅटरी, कॉइल व पॉइंट यांवर चालणारी ही पद्धतही त्यांचीच.

पॉइंट म्हणजे डेल्कोतले उघडझाप करणारे विजेचे जोड. ते मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि त्या धक्क्याने बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. शेजारचा चिमुकला कंडेन्सर नसेल, तर तुटणारा प्रवाह पॉइंटच्या फटीतच उडी मारेल. पॉइंट जळतील आणि प्लगपर्यंत पोचणारी ठिणगी मरतुकडी होईल. म्हणून जळके पॉइंट दिसले की जाणकार मेकॅनिक नुसते पॉइंट बदलत नाही, कंडेन्सरही तपासतो.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरना मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. हे सगळं अवलंबून असतं पॉइंटच्या साधारण ०.३८ मिलिमीटरच्या फटीवर. ती वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगीचं टायमिंगही पुढे सरकतं. म्हणून आधी फट, मग टायमिंग. उलटं केलं, तर काम दोनदा करावं लागतं.

दादाने डेल्कोची कॅप काढली. आत काचेवर धरावा तसा दवाचा पातळ थर होता. पंधरा हजार व्होल्टांना ओलसर धूळ म्हणजे उघडा रस्ताच. वीज प्लगकडे न जाता तिकडून पळते. "रात्री दिवे मालवून बघ," दादा म्हणाला, "इंजिन चालू असताना खराब वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात." त्याने कोरड्या फडक्याने कॅप आतून-बाहेरून पुसली, तडा किंवा कोळशाची काळी रेघ नाही याची खात्री केली आणि ती परत बसवली. दुसऱ्याच झटक्यात इंजिन सुरू झालं.

बघायचं, फिरवायचं नाही

इंजिन गरम झाल्यावर मला राहवेना. "दादा, मिश्रणही बघून घेऊ?"

"बघू. फिरवायचं नाही."

एस. यू. कार्ब्युरेटर ही फार देखणी युक्ती आहे. हवेचा ओढा वाढला की आतला पिस्टन वर उचलला जातो, त्याच्यासोबत निमुळती सुई वर येते आणि पेट्रोलची वाट रुंदावते. पिस्टनच्या वरच्या नळीत थोडं तेल असतं, ते त्याला एकदम उसळू देत नाही. हे तेल संपलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. असा बिघाड चमचाभर तेलाने बरा होतो, पण लोक त्यासाठी अख्खा कार्ब्युरेटर खोलून बसतात.

दादाने पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलला. इंजिनाचा वेग क्षणभर वाढला आणि पूर्ववत झाला. म्हणजे मिश्रण बरोबर. वेग वाढून वाढलेलाच राहिला असता, तर पेट्रोल जास्त. इंजिन बंद पडायला आलं असतं, तर कमी.

अंधाराला जबाबदार कोण?

दिवे लावले तर उजवा हेडलॅम्प मंद होता. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या विजेवर विनोद पुष्कळ आहेत आणि त्यांत शिव्या बसतात दिव्याला. खरा गुन्हेगार बहुधा गंज. या गाड्यांत दिव्याला एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीची बॉडी. समजा, १२ व्होल्टवर ४८ वॅटचा दिवा आहे. त्यातून ४ अँपिअर प्रवाह जातो, म्हणजे त्याचा रोध ३ ओहम. अर्थिंगच्या गंजलेल्या जोडाने फक्त १ ओहमची भर घातली, तर प्रवाह ३ अँपिअरवर येतो आणि दिव्याला ९ व्होल्टच मिळतात. दिव्यातल्या तारेचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. पाव व्होल्टेज गेलं की ढोबळमानाने दोन-तृतीयांश उजेड जातो.

हे पकडायची रीत सोपी आहे. दिवा चालू ठेवून मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थिंगला आणि दुसरं बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकाला लावायचं. शून्याच्या आसपास आकडा हवा. दादाच्या मीटरवर तीन व्होल्ट आले. तो जोड सोडवायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि पुन्हा घट्ट आवळायचा. मात्र मायनरमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं. आजचा रेडिओ डोळे मिटून जोडला, तर तो जळालाच म्हणून समजा.

न दिसणारी निगा

बाकीची निगा कंटाळवाणी, पण जीवाशी संबंधित. मायनरच्या पुढच्या चाकांना धरून ठेवणारे आट्यांचे ट्रनियन वेळच्या वेळी ग्रीस मागतात. ते कोरडे पडून झिजले, तर चालत्या गाडीचं चाक आत दुमडतं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, भारतात आता २० टक्के. ते ओलावा शोषतं आणि जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून नळ्या नव्या जातीच्या हव्यात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये आणि जुन्या ब्रेकमधली धूळ फुंकू नये. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

मी हेडलॅम्प काढायला निघालो, तर दादाने पुन्हा हात धरला. "तो पुढच्या रविवारी. आज कॅप झाली." मग त्याने तेलकट डागांची वही काढली, तारीख टाकली आणि तिच्याखाली लिहिलं : 'कॅप पुसली. बाकी कशालाही हात लावला नाही.'