सलाईनची सुई बसण्यापूर्वी

भाताच्या खाचरात घोणस चावली, तर १०८ क्रमांकाला फोन करून रोग्याला नवापूरहून बोईसर-पालघरकडे दवाखान्यात न्यावे. विषावरील लस शिरेतून देतात. त्यासाठी हातात सलाईनची सुई बसवावी लागते. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. वारंवार टोचले, की तिथून रक्त वाहत राहते. सुई पहिल्याच वेळी बसावी म्हणून वाटेतच दोन्ही हातांतील बांगड्या, अंगठ्या, गंडेदोरे उतरवावेत. बाह्या वर साराव्यात. चावलेला भाग हलवू नये, आवळून बांधू नये. पूर्वी एखादे औषध बाधले असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. सुई टोचताना रोग्याला धीर देऊन हात स्थिर ठेवण्यास सांगावे. नंतर सुईची जागा सुजली, अंगाला खाज सुटली किंवा धाप लागली, तर नर्सबाईंना ताबडतोब हाक मारावी.