मुखपृष्ठ कोणाच्या वांट्याचें?

एकत्र कुटुंबांत मुलांचें मासिक एकच येतें आणि तें वाचणारीं मुलें आठ-दहा असतात, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस आमचें पुढील म्हणणें फारसें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. अंक ज्याच्या हातीं असतो त्यास आंतील पानें दिसतात; ज्यांची पाळी अद्याप यावयाची असते तीं मुलें त्याच्या समोर बसतात, आणि त्यांस दिसतें तें मुखपृष्ठ. एक वाचतो व बाकीचीं पाहतात. चित्रकथांच्या मुखपृष्ठांविषयीं कोणी लिहूं लागला म्हणजे तो बहुधा वाचणाराच्या जागीं बसून लिहितो. आम्ही समोर बसलेल्या त्या मंडळींच्या वतीनें चार शब्द लिहीत आहों.

शिरूर येथील आमच्या घरीं १९७० च्या आगेंमागें नऊ मुलें होतीं. शिरुरास आगगाडी नाहीं. आमचे धाकटे काका दौंडास रेल्वेच्या नोकरींत होते. ते शनिवारीं चौफुल्यावरून व न्हावऱ्यावरून एस्. टी. नें घरीं येत, आणि त्यांच्या पिशवींत दौंड स्टेशनावरील पुस्तकांच्या स्टॉलवर घेतलेला एखादा अंक असे. कधीं 'चांदोबा', कधीं 'इंद्रजाल', पुढें पुढें 'अमर चित्र कथा'. पाळी वयाप्रमाणें लागावी असा घरांतला नियम होता. परंतु मुलींना स्वयंपाकघरांतील कामें आटोपल्यावांचून बसतां येत नसे, त्यामुळें मुलांची पाळी आधीं व मुलींची मागून असेंच होई. आमची थोरली चुलत बहीण, जिला आम्ही सर्व आक्का म्हणतों, ती वयानें पहिली परंतु पाळीनें शेवटची होती. भाजी निवडतां निवडतां ती समोरच्या वाचकाच्या हातांतील मुखपृष्ठ पाहत असे.

'चांदोबा' हें मूळचें मद्रासेचें मासिक. नागी रेड्डी व चक्रपाणि यांनीं तें जुलै १९४७ मध्यें तेलुगु व तामिळ भाषांत सुरू केलें. मराठी आवृत्ति १९५२ सालीं निघाली. एम्. टी. व्ही. आचार्य यांनीं महाभारतांतील प्रसंगांचीं काढलेलीं मुखपृष्ठें आणि वड्डादि पापय्या, म्हणजे 'वपा', यांनीं पुढें वर्षानुवर्षें काढलेलीं मुखपृष्ठें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस अधिक सांगावयास नको. परंतु त्या मासिकांतील ज्या चित्रावरून आम्हांस चित्र पाहावें कसें हें प्रथम कळलें तें मुखपृष्ठ नव्हतें. शंकर (पूर्ण नांव के. सी. शिवशंकरन्, १९२४-२०२०) यांनीं काढलेलें विक्रम-वेताळाच्या गोष्टीचें शीर्षचित्र तें. स्मशान, खांद्यावर प्रेत, हातांत तलवार आणि राजाचें पुढें पडलेलें पाऊल. गोष्ट सर्वांस पाठ होती: राजा बोलेल, मौन मोडेल आणि वेताळ पुन्हां झाडावर जाऊन लोंबकळेल. तरीहि दर महिन्यास तें चित्र पाहतांना मनांत येई कीं, या खेपेस राजा कदाचित् गप्प राहील. कारण चित्रांत तो अजून बोललेला नाहीं! चित्रकारानें तें मौन नेमकें मोडण्यापूर्वींच पकडून ठेविलें होतें.

जर्मन पंडित लेसिंग यानें १७६६ सालीं आपल्या 'लाओकून' या ग्रंथांत हीच गोष्ट निराळ्या रीतीनें मांडली आहे. कवीला काळाचा ओघ मिळतो, चित्रकाराला एकच क्षण मिळतो. म्हणून त्यानें प्रसंगाचें शिखर रंगवूं नये, पाहणाराच्या कल्पनेस पुढें जावयास वाट राहील असा क्षण निवडावा. आमच्याकडे आनंदवर्धनानें नवव्या शतकांत 'ध्वन्यालोकां'त काव्याचा आत्मा सांगितला तो ध्वनि; म्हणजे जें शब्दांनीं सांगितलें नाहीं पण सुचविलें आहे तें. मुलांच्या चार आण्यांच्या पुस्तकास आनंदवर्धनाचें माप लावणें कांहीं वाचकांस हास्यास्पद वाटेल. आम्हांसहि पूर्वीं वाटे. परंतु मुखपृष्ठ बरें कां वाईट हें ठरविण्यास याहून सोपी कसोटी आम्हांस आढळली नाहीं. जें मुखपृष्ठ सर्व कांहीं सांगून टाकतें तें एकदां पाहून संपतें, आणि ज्या मुलास पाळीसाठीं दोन तास बसावयाचें आहे त्यास संपणारें मुखपृष्ठ काय कामाचें?

'इंद्रजाल' चित्रमालेची गोष्ट या दृष्टीनें फार मौजेची आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें, म्हणजे बेनेट कोलमन कंपनीनें, ती मार्च १९६४ मध्यें सुरू केली व १९९० पर्यंत चालविली. तिचा नायक वेताळ (आमच्या विक्रमाच्या खांद्यावरचा नव्हे, जंगलांतला मुखवटेवाला) हा अमेरिकन लेखक ली फॉक यानें १९३६ सालीं वर्तमानपत्रांसाठीं निर्माण केलेला. आतां पाहा, वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटी छापल्या जात. त्या चौकटींना मुखपृष्ठ कोठून असणार? गोष्ट तयार मिळाली, पण मुखपृष्ठ येथेंच रंगवावें लागलें. आरंभीच्या अनेक अंकांसाठीं तें काम गोविंद ब्राह्मणिया यांनीं केलें. म्हणजे परदेशी गोष्टीचा सबंध अंक वाचून, त्यांतील दीडशें चौकटींतून न काढलेली एखादी चौकट शोधावयाची, असें तें काम होतें. मुखवट्याखालीं डोळे दाखवावयाचे नाहींत हा त्या नायकाचा नियम; तेव्हां भाव दाखवावयाचा तो खांद्यांतून व मानेंतून. गोविंदांनीं तो दाखविला. याच गोविंदांनीं पुढें १९७६ पासून आबिद सुरती यांच्या 'बहादूर' या देशी नायकाची चित्रें काढलीं. भगवा कुर्ता व जीनची विजार घातलेला तो तरुण आमच्या भागांतल्या एस्. टी. स्टँडवर उभा राहिला असता तर कोणास परका वाटला नसता.

मुखपृष्ठाचा कारागीर मोकळा नसतो, हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. वरचा भाग नांवासाठीं सोडावा लागतो. स्टॉलवर अंक एकावर एक रचले म्हणजे तो वरचा पट्टाच काय तो दिसतो, म्हणून नायकाचें डोकें नांवाला जेमतेम टेकलेलें ठेवावें लागतें. शिवाय पिवळी, तांबडी, निळी व काळी अशा चार शायांचे चार ठसे एकमेकांवर बसावयाचे. त्यांतील एक केसभर सरकला कीं, वपांच्या अप्सरेलाहि दोन नाकें येतात. आमच्या काकांनीं अशी एक प्रत स्टॉलवाल्यास परत नेऊन दिली होती, तिचें आम्हांस अजून वाईट वाटतें.

अमेरिकेंतील या प्रकारचें सर्वांत गाजलेलें मुखपृष्ठ म्हणजे जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाचें. जो शुस्टर यानें तें काढलें. सुपरमॅन एक हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटीत आहे. लोक मोटारीचें कौतुक करतात. आमचें लक्ष डाव्या कोपऱ्यांतील माणसाकडे जातें. दोन्ही हात डोक्यास लावून तो चित्राबाहेर, आपल्याच अंगावर, धांवत येतो आहे. अद्भुत रस मोटारींत नाहीं, त्याच्या चेहऱ्यांत आहे. तो माणूस झांकून पाहा, चित्र सर्कशीच्या जाहिरातीसारखें दिसूं लागतें.

उलट, आमच्याकडे ज्यांची मुखपृष्ठें घरोघरीं होतीं ते रघुवीर मुळगांवकर (१९१८-१९७६) यांच्याविषयीं आमचें मत थोडें वेगळें आहे आणि तें वाचकांस रुचणार नाहीं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना त्यांनीं जो डौल दिला तो दुसऱ्या कोणास साधला नाहीं. रंगाच्या फवाऱ्यानें अंगकांति उजळविण्याची त्यांची हातोटी अपूर्व. परंतु त्यांचा चोरहि इतका देखणा असतो कीं, त्याला पकडावें असें वाटत नाहीं. गोडवा हाच जेथें स्थायीभाव होतो तेथें भयाला जागा उरत नाहीं. आमच्या घरांतील वडील स्त्रिया मात्र यावर आमच्याशीं भांडतात, व त्यांच्या बाजूनें मतें अधिक आहेत.

अनंत पै यांनीं १९६७ सालीं सुरू केलेल्या 'अमर चित्र कथे'च्या मुखपृष्ठांपुढें अडचण निराळीच होती. कृष्णाचें पुढें काय झालें, शिवाजीमहाराज आग्र्याहून सुटले कीं नाहीं, हें येथें शेंबड्या पोरासहि ठाऊक असतें. उत्कंठा वापरतांच येत नाहीं. मग उरतें तें क्षेमेंद्राचें औचित्य: देवाला देवासारखा, बालकाला बालकासारखा उभा करणें. राम वाईरकर व पुण्याचे प्रताप मुळीक यांनीं हें काम हयातभर केलें. वाईरकरांच्या कृष्णाचा खट्याळपणा आणि मुळीकांच्या वीरांचा ताठ कणा कोठल्याहि पानावर ओळखूं येतो. मुळीक पुढें हिंदी चित्रकथांतील नागराजाकडे वळले, तेव्हां आमच्यासारख्या कित्येकांनीं नाकें मुरडलीं. आतां वाटतें, अंगाभोंवतीं वेटोळीं घातलेला नाग कसा काढावा हें ज्यानें पुराणें रंगवितांना गिरविलें त्यासच तें शोभलें.

नाकें मुरडण्याचा हा दोष आमच्यांत जुना आहे. शिक्षक असतांना वर्गांत बाकाखालीं सांपडलेल्या अशा पुस्तकांनीं आमचा मेजाचा खण भरून जाई. वर्षअखेरीस तीं परत करावयाचीं असा आमचा बाणा. परंतु तोंवर वरचीं पुस्तकें मिटलेलीं, मुखपृष्ठें वर, अशीं रोज दिसत. व्याकरणाच्या वह्या तपासतां तपासतां तीं पाहण्याची आम्हांस संवय लागली. म्हणजे वयाच्या पस्तिशींत आम्ही पुन्हां समोर बसणाऱ्यांच्या रांगेंत जाऊन बसलों!

परंतु याहून मोठा अपराध आमच्या बालपणीं घडला होता. घरांत 'चांदोबा'चे बारा-बारा अंक जमले म्हणजे ते बांधून घेत. त्या वर्षीं आम्ही चौदा वर्षांचे होतों व अंक दौंडास बाइंडरकडे पोंचविण्याचें काम आम्हांवर आलें होतें. त्या भल्या माणसानें आपण होऊन विचारलें, "मुखपृष्ठें ठेवायचीं कीं काढायचीं?" ठेवल्यास पुस्तक फुगतें, गुळगुळीत जाड कागद शिवणींत नीट बसत नाहीं, आणि ग्रंथ म्हटला कीं तो आजोबांच्या पोथ्यांप्रमाणें सोवळा, चित्रावांचून असावा, अशी आमची समजूत. आम्हीं सांगितलें, "काढून टाका." पांच वर्षांचीं साठ मुखपृष्ठें सुतळीनें बांधून आम्हीं घरीं आणलीं आणि तीं न्हाणीघरांत बंबाशेजारीं ठेविलीं. तेथें त्यांचें काय झालें हें सांगावयास नको. त्या अमेरिकन सुपरमॅनच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ सालीं ६० लक्ष डॉलरांस विकली गेली, हें वाचून घरांतल्या मुलांनीं आमची बरीच थट्टा केली. मुखपृष्ठ गेलेल्या प्रतीस तेथें त्याच्या अल्पांशहि मोल येत नाहीं. आमच्या बाइंडिंगांचें मोल अर्थात् तेवढें कधींच नव्हतें. पण शिरूरच्या कपाटांत तीं पांच पुस्तकें अजून आहेत, आणि घरांतलें लहान मूल तीं उघडतें व दोन मिनिटांत मिटतें. त्यांना तोंडच नाहीं.

गेल्या वैशाखांत आम्ही दौंडास आक्काकडे गेलों होतों. ती लग्न होऊन दौंडासच गेली, त्यासहि आतां पंचेचाळीस वर्षें होऊन गेलीं. नातीच्या लग्नासाठीं जुनीं पातळें काढावयाचीं म्हणून तिनें माहेरची लोखंडी ट्रंक उघडली. झांकणाच्या आंतल्या बाजूस खळीनें एक मुखपृष्ठ चिकटविलेलें होतें. वरचा भाग फाटलेला, त्यामुळें नांव व महिना दोन्ही गेलेलीं. सहीचा कोपराहि नाहीं. संध्याकाळची नदी, एक होडी, होडींत दिवा घेतलेली एक स्त्री, आणि वल्ह्यावर कोणी नाहीं.

"हें कोठून आणलेंस?" आम्हीं विचारलें.

"बंबाजवळून," ती म्हणाली. "तूंच ठेवलीं होतींस कीं तीं. पाणी तापवायचें काम माझ्याकडे होतें. सगळीं कशीं ठेवणार? एक वर काढून ठेवलें." मग थोडें थांबून म्हणाली, "बापू, ही गोष्ट काय होती रे? माझी पाळी येईपर्यंत काकांचा दुसरा अंक यायचा. ही वाचायची राहूनच गेली."

गोष्ट आम्हीं नक्कीच वाचली असली पाहिजे. शिरूरच्या पांच पुस्तकांत ती कोठेंतरी असेलहि. पण कितीहि आठवून पाहिलें तरी एक ओळ आठवेना, आणि तसें आम्हीं कबूल केलें.

"मला वाटायचें," आक्का म्हणाली, "ती नावाड्याला आणायला निघाली आहे. रात्रीं पूर येणार आहे. तिला तें कळलें आहे, त्याला कळलें नाहीं. तो पलीकडे झोंपला आहे." वल्ह्याच्या रिकाम्या जागेवर तिनें बोट ठेविलें. "वल्हवतां तिला येत नाहीं. म्हणून दिवा पाण्याजवळ धरला आहे, प्रवाह कुठें नेतो तें बघायला."

आम्हीं चष्मा लावून पाहिलें. दिवा खरोखरच पाण्याजवळ धरलेला होता. तेवढ्यांत स्वयंपाकघरांत कुकरची शिट्टी झाली व ती उठून गेली.