अंधारात लेकरांना घेऊन

३१ ऑक्टोबर २०२४ या तारखेला एक गंमत झाली. आपल्याकडे नरक चतुर्दशी आणि अमेरिकेत हॅलोविन, दोन्ही एकाच दिवशी आले. तिकडच्या मराठी घरांत पहाटे उटणं आणि संध्याकाळी लेकरांच्या अंगावर भुताचा झगा, अशी धांदल उडाली असणार.

हॅलोविन आता इकडेही आला आहे. शहरातल्या इंग्रजी शाळा, सोसायट्या, मॉल सगळीकडे प्लास्टिकच्या कवट्या लटकतात. सण परका आहे याचं मला काही वाटत नाही. सण फिरतातच. खटकतं ते एवढंच, की आपण त्यातला विकत मिळणारा भाग तेवढा उचलला. मूळ सण आयर्लंड-स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांचा. सुगी संपली, हिवाळा तोंडावर आला, की त्या सांध्यावर मेलेले घरी येतात अशी समजूत. म्हणजे आपल्या पितृपक्षाचा लांबचा भाऊच. तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत गेल्यावर भोपळा मिळाला. आज तिथे ऑक्टोबरभर सार्वजनिक उद्यानांत आणि राखीव जंगलांत आईबाप मुलांना घेऊन रात्रीच्या फेरीला जातात. वनरक्षक घुबडाचा आवाज ओळखायला शिकवतात. २४ ते ३१ ऑक्टोबर हा तर वटवाघळांचाच आठवडा म्हणून पाळतात. घ्यायचं होतं ते हे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. छत्रपती संभाजीनगरहून जळगाव रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर फुलंब्री. मका, कपाशी, अद्रक पिकवणारा तालुका. इथे हॅलोविनसारखं दारोदार फिरणाऱ्या लेकरांसाठी अमेरिकेकडे बघायची गरज नाही. मराठवाड्यात वसुबारसेपासून गुराख्यांची पोरं लव्हाळ्याच्या दिवट्या विणतात. ओढ्याकाठचा हिरवा लव्हाळा उपटायचा, त्याच्या काड्यांची वीण घालत वर दिव्यापुरती बैठक करायची, खाली धरायला दांडा. मग अंधार पडला की घरोघर गोठ्यात जाऊन गाई-म्हशी ओवाळायच्या. घरधनीण दिव्यात तेल घालते, हातावर काहीतरी ठेवते. प्रत्येक दारी थांबणं, अंधारातून चालणं, बक्षिशी मिळवणं, सगळं त्यात आलं. गोठे कमी झाले आणि ट्रॅक्टर आले, तशी दिवटी मागे पडत चालली. विणायला येणारी म्हातारी माणसं आहेत तोवर एखाद्या शाळेने दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांना वर्गात बोलवावं.

ज्या अमावास्येला आपण लक्ष्मी पुजतो, तिचंच वाहन त्या रात्री मारलं जातं, ही मात्र आपल्या दिवाळीची काळी बाजू. तंत्रमंत्राच्या नादाने घुबडं पकडून विकतात. ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेने २०१० साली या व्यापारावर अहवाल काढला. देशात आढळणाऱ्या तीस जातींपैकी पंधरा जाती या बाजारात सापडल्याचं त्यात नोंदवलं आहे. घुबड दिसणं अशुभ आणि त्याचा बळी देणं शुभ, असा हा अजब हिशेब.

त्याला महाराष्ट्रातच एक झकास उत्तर मिळालं. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात २०१८च्या नोव्हेंबरअखेरीस डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशनने घुबडांचा महोत्सव भरवला. शाळेची मुलं, आईबाप, गावकरी सगळे आले. घुबडांची चित्रं, हस्तकला, रंगवलेले चेहरे, जोडीला जाणकारांच्या गप्पा. भीतीची थोडी मजा आणि भीती वाटते त्या जिवाची ओळख, दोन्ही एकाच मांडवात. हॅलोविनचं मराठी रूप काढायचं तर मी पिंगोरीकडे बोट दाखवीन.

फुलंब्रीच्या शिवारात हे करायला मांडवही नको. गावातल्या जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीत किंवा चिंचेच्या ढोलीत पिंगळा, म्हणजे लहान घुबड, असतोच. पडक्या घरात, धान्याच्या कोठाराजवळ गव्हाणी घुबड, पांढऱ्या बदामी चेहऱ्याचं. गिरिजा नदीच्या काठच्या दरडीत मोठं शृंगी घुबड शोधायला हरकत नाही. दिवसा त्यांच्या बसायच्या जागेखाली नीट पाहिलं तर अंगठ्याएवढ्या करड्या-काळ्या गोळ्या पडलेल्या दिसतात. ती विष्ठा नव्हे. घुबड उंदीर सबंध गिळतं, आणि न पचलेले केस-हाडं गोळा करून ओकून टाकतं. हातमोजे घालून अशी गोळी उचलायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि चिमट्याने सोडवायची. केसांच्या लगद्यातून आधी बरगड्या निघतात, सुईएवढ्या. मग एक जबडा, त्यात पुढचे दोन पिवळे दात. शेवटी नखाएवढी कवटी. एका गोळीत दोन-तीन कवट्याही मिळतात. बाजारातल्या प्लास्टिकच्या कवटीकडे मग कोणतंही लेकरू ढुंकून पाहणार नाही. आणि मक्याच्या कणग्या कोण राखतं, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. शेतात उंदरांचं विष टाकलं की तेच विष उंदरातून घुबडाच्या पोटात जातं, हेही तिथेच सांगून टाकावं.

रात्रीच्या फेरीला मात्र बेत हवा. अभयारण्यात रात्री शिरता येत नाही. कन्नडजवळचं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. तिथे बिबटे आणि अस्वलं आहेत, ते दिवसाच पाहावं. अंधाराची फेरी गावाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, शेतमालकाला सांगून. बिबट्याची खबर असेल तर त्या दिवशी नाहीच. पायांत बूट, हातात काठी, ऊस आणि दाट गवत टाळायचं. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावला तर पक्षी बिथरत नाहीत. आवाजाच्या फिती वाजवून घुबडाला बोलवू नये. सुगीनंतर रात्री थंड होतात तो काळ चांगला. संभाजीनगरकरांना तर संध्याकाळी हिमायतबागेच्या बाजूला उभं राहिलं तरी वटवाघळं डोक्यावरून जाताना दिसतील. फळं खाऊन ती बिया दूरवर टाकतात, म्हणजे झाडं लावण्याचं कामच करतात.

भुतांचं काय? अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अमावास्येला लोकांना स्मशानात नेतात, तिथे गप्पा मारतात, जेवतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली सुरू केलेल्या या समितीचं ते साधं, पण धाडसाचं काम. अगदी लहानांना लगेच स्मशानात न्यावं असं मी म्हणणार नाही. आधी घुबडाशी गट्टी जमू द्या. पण भूत पाहायला निघालेल्या पोराला पिंगळ्याचा चिरचिराट ओळखता आला, तर पुढची भीती निम्मी ओसरलेली असते.

या दिवाळीत फटाके वाजवण्याआधी घराजवळच्या झाडाची ढोली एकदा पाहून घ्या. आणि कुठे कोणी घुबड पिंजऱ्यात घालून विकायला आणलेलं दिसलं, तर ते घेऊ नका, सोडवायच्या भरातही पैसे देऊ नका. घुबड पकडणं आणि विकणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.