पाळीची तारीख आणि मुलीचे ताट

विषय नाजूक आहे, आणि मुख्याध्यापकाने त्यावर लेखणी उचलावी हे काही वाचकांना रुचणार नाही. पण प्रार्थनेच्या वेळी मुलगी भोवळ येऊन पडते तेव्हा तिच्या घरी निरोप आम्हीच धाडतो; म्हणून संकोच बाजूस ठेवून लिहीत आहोत.

पूर्वी मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवीत, गोडधोड खाऊ घालीत. त्या प्रथेतील बाकीचे काही असो, मुलीच्या पोटात चार घास अधिक जात एवढे खरे. आज मखर गेले आणि घासही गेले. कित्येक मुली सकाळी उपाशीपोटी शाळेत येतात, मधल्या सुट्टीत वेफर्सच्या पाकिटावर भागवतात आणि रात्री कधी पुस्तक, कधी मोबाईल घेऊन जागतात. मग दोन महिने पाळी चुकली की आई घाबरते.

पाळीचा हुकूम मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून सुटतो. तो पिट्युटरी ग्रंथीमार्फत बीजकोशांपर्यंत पोहोचतो. ही साखळी नीट बसायला दोन-तीन वर्षे लागतात. त्या काळात दोन पाळ्यांत 21 ते 45 दिवसांचे अंतर स्वाभाविक मानतात. शेजारच्या मुलीची अठ्ठाविसाव्या दिवशी येते म्हणून आपल्या मुलीत खोट काढू नये.

मात्र हा हायपोथॅलॅमस मोठा काटकसरी! अन्न अपुरे पडते असे दिसले की तो पाळीचा खर्च आधी कमी करतो. रोझ फ्रिश व जेनेट मॅकआर्थर यांनी 1974 साली वजन आणि पाळी यांचा संबंध मांडला. आज जाणकार खाणे आणि श्रम यांच्या मेळाला अधिक महत्त्व देतात. म्हणून खेळाडू मुलीची पाळी थांबली तर तिचे मैदान बंद करण्याआधी ताट पाहावे. उलट वजन फार वाढले तरीही पाळी लांबते, त्यामागे पीसीओएस असू शकते. तेथे वजन थोडे उतरले तरी पुष्कळदा गुण येतो. परीक्षेची धास्ती आणि जागरण यांचाही वाटा असतोच.

रक्तक्षयाचे दुखणे याहून मोठे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या शंभरांतील 59 मुलींत तो आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी उपाशीपोटी मळमळते, म्हणून घरूनच ‘घेऊ नकोस’ अशी ताकीद येते. जेवणानंतर घेतली तर हा त्रास कमी होतो.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. गौरी-गणपती आले की पाळी पुढे ढकलण्याची गोळी परस्पर दुकानातून आणून पंधरा वर्षांच्या मुलीला देतात. ती गोळी म्हणजे संप्रेरक. डॉक्टरांना विचारल्यावाचून देण्याची वस्तू नव्हे. मुलीने आरती दुरून पाहिली तर गौरी रागावत नाहीत.

नव्वद दिवस पाळी न येणे, 21 दिवसांच्या आत वरचेवर येणे, सात दिवसांहून अधिक स्राव, तास-दोन तासांनी पॅड बदलावा लागणे, किंवा पंधरावे वर्ष उलटूनही न्हाण न येणे, यांपैकी काही दिसल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. जाताना तारखांची वही न्यावी. दुधाचा खाडा आपण कॅलेंडरावर न चुकता मांडतो. पण ‘मागची पाळी कधी आली?’ या डॉक्टरांच्या पहिल्याच प्रश्नाला मायलेकी एकमेकींच्या तोंडाकडे पाहतात.