एका वेळी एकच बदल

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा घातलेला काचेचा ग्लास. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि ताटलीतले पाणी ग्लासात चढते. हा प्रयोग शाळेत पाहिला नाही असा माणूस विरळाच. त्याचे उत्तरही तयार असते: हवेत एकपंचमांश प्राणवायू असतो, तो जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. हे इतके पटण्यासारखे वाटते की पुढे कुणी काही विचारत नाही. पण ते चुकीचे आहे.

ते चुकीचे का, हे सहावी-सातवीतले मूल स्वतः प्रयोग करून दाखवू शकते. त्याला प्रयोगशाळाही लागत नाही, फक्त घरातले मोठे कुणी सोबत हवे. एका मेणबत्तीऐवजी दोन लावायच्या, मग तीन. ग्लास तोच, पाणी तेवढेच, मेणबत्त्या सारख्याच उंचीच्या. दरवेळी ग्लास निवू द्यायचा आणि आतली हवा बदलून घ्यायची. मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त चढते. ग्लासातला प्राणवायू तर वाढलेला नाही, मग हे जास्तीचे पाणी कशामुळे चढले? आता मेणबत्ती लावूच नका. रिकामा ग्लास गरम पाण्याने विसळा आणि लगेच ताटलीतल्या पाण्यात उपडा घाला. काहीही जळलेले नसताना पाणी वर येते! ज्योतीमुळे हवा तापून प्रसरण पावते, तिच्यातली काही ग्लासाच्या कडेखालून बुडबुड्यांवाटे निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. प्राणवायू तर पुरता संपतही नाही. बराचसा शिल्लक असतानाच ज्योत विझते.

यात आपण मुद्दाम बदलली ती मेणबत्त्यांची संख्या. हा स्वतंत्र चल. मोजली ती पाण्याची उंची, हा अवलंबी चल. ग्लास, पाणी, मेणबत्त्यांची उंची हे सारे तसेच ठेवले, ते नियंत्रित घटक. आणि थंड ग्लास मेणबत्तीशिवाय उपडा घालून पाहिला, तर तो नियंत्रण संच. शेवटच्या दोन गोष्टींत मुलांचाच नव्हे, मोठ्यांचाही घोळ होतो. नियंत्रित घटक प्रत्येक मांडणीत सांभाळायचे असतात. नियंत्रण संच ही वेगळी मांडणी असते. ज्याचा परिणाम पाहायचा तेवढेच तिच्यात नसते. ‘हे केलेच नसते तर काय झाले असते?’ या प्रश्नाचे उत्तर ती देते.

कागदावर हे सोपे दिसते. खरी परीक्षा होते ती लपलेल्या चलांशी. समजा, मटकीला मोड यायला उजेड लागतो का, हे पाहायचे आहे. मूल एक वाटी खिडकीत ठेवते आणि दुसरी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. झाला प्रयोग? नाही. डब्यात उजेड कमी झाला, तशी हवाही कमी झाली, ओलावा मात्र जास्त टिकला. खिडकीतली वाटी तापली, वाळली. एका बदलाच्या पोटात तीन-चार बदल शिरले. म्हणून दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्याव्यात, एकाच पुडीतली मटकी सारखाच वेळ भिजवावी आणि एका बरणीला काळा कागद गुंडाळावा. तरी काम संपत नाही. काळा कागद उन्हात जास्त तापतो, म्हणजे उजेडाबरोबर तापमानही बदलले. दोन्ही बरण्या सावलीत ठेवून तापमापकाने खात्री करून घेतली, तर ही पळवाट बंद होते.

दाणेही मोजके नकोत. एखादा दाणा किडका निघतो, एखादा उपजतच कमजोर असतो. प्रत्येक बरणीत निदान वीस असले तर अशा योगायोगावर भिस्त राहत नाही. शिवाय काय मोजायचे हे आधी ठरवावे लागते. किती दाण्यांना मोड आले हे मोजले तर उजेड-अंधारात फारसा फरक दिसत नाही. पण आणखी काही दिवस वाढू देऊन लांबी मोजली, तर अंधारातले अंकुर लांबलचक आणि पिवळट निघतात. प्रयोग एकच, पण मोजमाप बदलले की निष्कर्ष बदलतो.

तुलनेची ही शिस्त माणसांचे जीव वाचवायलाही उपयोगी पडली आहे. 1747 साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. शक्य तितके सारख्या अवस्थेतले, एकाच जागी ठेवलेले, रोजचा आहारही सारखा. त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला: कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचे पाणी, एका जोडीला संत्री-लिंबे. संत्री-लिंबे खाणारे झपाट्याने सुधारले. एकाच जोडीला लिंबे देऊन ती बरी झाली असती, तर शंकेला जागा उरली असती. इतर पाच जोड्या शेजारीच होत्या, म्हणून त्या निकालाला वजन आले. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास मिळू लागायला 1795 साल उजाडले.

आपल्याकडे दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनांची लगबग सुरू होते. तिथे लाव्हा ओकणारे ज्वालामुखी आणि लुकलुकणारे दिवे भाव खाऊन जातात. प्रतिकृती करण्यात कौशल्य असते, पण प्रतिकृती म्हणजे प्रयोग नव्हे. ‘संगीताने रोपे जोमाने वाढतात’ असा प्रकल्पही हमखास असतो. त्यात बहुधा गाणे ऐकणारे एकच रोप, न ऐकणारे एकच, आणि दोन्ही वेगवेगळ्या खिडक्यांत. फरक पडला तो गाण्याने, उन्हाने की बियाण्याने, हे त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

याउलट एखादी मुलगी दोरा आणि नट घेऊन लंबक करते. आधी फक्त वजन बदलते, मग फक्त दोऱ्याची लांबी, आणि दरवेळी दहा झोक्यांचा वेळ मोजते. लोंबकळणाऱ्या वजनाच्या मध्यापर्यंतची लांबी 25 सेंटिमीटर असेल तर एक पूर्ण झोका सुमारे एका सेकंदाचा; 1 मीटर असेल तर सुमारे दोन सेकंदांचा. वजनाने फरक पडत नाही, हे तिने स्वतः पडताळलेले असते. तिच्या टेबलापाशी गर्दी होत नाही. माझ्या मते पहिला क्रमांक तिचा.

म्हणून परीक्षकांना, शिक्षकांना आणि आईबाबांना एक विनंती. यंदा मुलांच्या प्रकल्पापाशी थांबाल तेव्हा खर्च आणि सजावट पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा: तू काय बदललेस, काय तसेच ठेवलेस आणि तुलना कशाशी केलीस? या उत्तरांना गुणपत्रिकेत वेगळा रकाना ठेवा.