जयगडाची तोफ आणि मोटारीतलं चुंबक

जयपूरजवळ आमेरच्या डोंगरावर जयगड आहे. तिथली जयवाण तोफ १७२० मध्ये ओतली गेली, वजन सुमारे ५० टन. पर्यटक तिच्यासोबत फोटो काढून परततात. मला मात्र गडावरचा तोफांचा कारखाना अधिक मोलाचा वाटतो. धातू वितळवणारी भट्टी, तोफेची नळी आतून कोरणारं बैलांनी फिरवायचं यंत्र, सगळं तटबंदीच्या आत! शस्त्रासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, हा त्यामागचा विचार.

आज तोफेच्या जागी चुंबक आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटारीत निओडिमियमचं चुंबक असतं; तापल्यावर त्याची शक्ती ओसरू नये म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम मिसळतात. क्षेपणास्त्रांनाही अशीच चुंबकं लागतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देत अशा चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, आणि आपल्या वाहन कारखान्यांना घोर लागला.

निओडिमियम आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत, मोनाझाइटमध्ये आहे. पण त्यातच किरणोत्सारी थोरियमही असतं, म्हणून हे खनिज अणुऊर्जा कायद्याखाली येतं. इथेही सुरक्षाच आडवी आली. शिवाय वाळूपासून चुंबकापर्यंतची वाट लांब: मूलद्रव्यं वेगळी करा, धातू बनवा, भुकटी दाबून भाजा. खरी उणीव या मधल्या टप्प्यांची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेली ७,२८० कोटींची योजना त्यांतल्या धातू बनवण्यापासून पुढच्या टप्प्यांसाठी आहे, वर्षाला ६,००० टन चुंबकांच्या क्षमतेची.