राउटर : दोन वेगांच्या वेशीवर

शाळेतील संगणक एकमेकांना जोडले की स्थानिक जाळे तयार होते. ते बाहेरच्या दूरवरच्या जाळ्याला जोडायचे तर वेशीवर राउटर हे साधन लागते. संगणक माहितीचे छोटे तुकडे करून ते पत्ता घातलेल्या पाकिटांतून पाठवतात. पत्ता आतला असेल तर पाकीट आतच पोचते. बाहेरचा असेल तरच राउटरकडे येते. राउटर पुढचा मार्ग ठरवतो आणि पाकिटाचे स्थानिक वेष्टन काढून बाहेरच्या लाइनला चालणारे वेष्टन चढवतो.

खरी अडचण वेगाची. आपण असे समजू, की आतली तार सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेते आणि बाहेरची लाइन ५६ हजार. १५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटांचे पाकीट आतून १.२ मिलिसेकंदात येते. बाहेर जायला २१४ मिलिसेकंद घेते. मागची पाकिटे राउटरच्या स्मृतीत रांग लावतात. स्मृती भरली, की नवी टाकून दिली जातात.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात अशीच कोंडी झाली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील विद्यापीठ यांत अंतर अवघे ४०० यार्ड. तरी त्यांच्यातील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. पोच न मिळाल्याने संगणक तीच पाकिटे पुन्हा पाठवत व गर्दी वाढवत. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला : सुरुवातीला थोडी पाकिटे पाठवावीत, पोच मिळेल तशी वाढवावीत, पाकीट हरवताच आवरते घ्यावे. याचीच सुधारित रूपे आजही वापरात आहेत.

तेव्हा शाळेचे जाळे मंदावले, तर आतल्या तारा बदलण्यापूर्वी आपण बाहेरच्या लाइनचा वेग तपासावा.